रुमालाखालचा भाव

लग्न होऊन सासरी आले तेव्हा आमच्या घरात दोन गोष्टींबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे. एक थोरल्या नणंदेचं सासर आणि दुसरी संत्र्याचा भाव. नणंदेच्या सासरचं निदान सणावारी थोडंफार कानावर यायचं. भाव मात्र आमचे हे कारंज्याच्या बाजारातून आणायचे आणि थेट सासऱ्यांच्या कानात सांगायचे. सासरे मान हलवून विडी पेटवायचे. मान कशी हलली यावरून आम्ही बायका ओळखायचो, की यंदा लुगडी येणार की फाटक्या जुन्यालाच दंड घालून शिवायचं.

आमचं गाव धनजच्या अंगाला. विहिरीला पाणी होतं आणि त्या पाण्यावर सासऱ्यांनी संत्र्याची बाग उभी केली होती. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. दिवाळीच्या आगेमागे फळं पिवळी व्हायला लागली, की दर बाजाराला एक बंडी, म्हणजे बैलगाडी, भरून कारंज्याला जायची. तिथून संत्री छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूरला जात आणि पुढं आणखी कुठं कुठं जात. कुठं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आपल्या बंडीतून उतरली म्हणजे झालं, एवढाच आमचा भूगोल.

बाजारात माल विकायची एक रीत होती. ती मला पुढं कळली, पण इथंच सांगून टाकते. शेतकरी आपला माल अडत्याच्या दुकानापुढं तणसावर ओतायचा. अडत्या म्हणजे मधला माणूस. तो स्वतः काही विकत घ्यायचा नाही. तो घेणारा व्यापारी गाठून द्यायचा आणि या कष्टांबद्दल आपली अडत कापून घ्यायचा. व्यापारी यायचे, ढिगातलं संत्रं उचलून सोलायचे आणि चव बघायचे. याला वानगी म्हणत. संत्रं आंबट आहे हे ठरवायला एका व्यापाऱ्याला चार संत्री लागतात आणि चौथं खाऊन झाल्यावरही त्याची पुरती खात्री पटलेली नसते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

वानगी झाली की अडत्या व्यापाऱ्याच्या हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली दोघांचे हात भेटायचे. एक बोट धरलं तर शेकड्याला एक रुपया, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. पंजा धरून सोडला आणि मग एक बोट धरलं, तर सहा. व्यापाऱ्याशी असं झालं की अडत्या तोच रुमाल घेऊन शेतकऱ्याकडे यायचा आणि त्याच्या हाताची बोटं धरायचा. शेतकऱ्यानं मान डोलावली की सौदा पक्का. एवढ्या मोठ्या बाजारात बैलांना घातलेल्या शिव्या ऐकू यायच्या, फेरीवाले ओरडायचे, फक्त भाव कुणाच्या तोंडून निघायचा नाही. अडते सांगत, की यात शेतकऱ्याचीच इज्जत आहे, त्याला काय मिळालं ते शेजाऱ्याला कशाला कळावं. शेतकऱ्यांनाही ते पटलेलं होतं. शेजाऱ्यापेक्षा आपल्याला दोन आणे जास्तच मिळाले, असं समजून प्रत्येक जण घरी जायचा.

आमच्या यांचा तर या विद्येत हात धरणारं कुणी नाही, असा गावात लौकिक होता. म्हणजे असं ते स्वतः सांगत.

त्या वर्षी बहार चांगला होता आणि नेमके आमचे हे फळं तोडताना शिडीवरून पडले. नडगीचं हाड मोडलं. शेजारच्या गावचा हाड बसवणारा आला, त्यानं बांबूच्या कांबी बांधल्या आणि बजावलं, की मी सांगेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. फळांना काही हे बजावता येत नव्हतं. ती पिकत राहिली. तेव्हा सासरे म्हणाले, "मी जातो." आणि ते बंडी घेऊन गेले.

परत आले ते नेहमीसारखे यांच्या खाटेपाशी गेले आणि कानाशी लागले. हे पाय विसरून उठून बसले.

"तीन?"

आमच्या घरात मी भाव ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"बाजार उतरला," सासरे म्हणाले.

"मागच्या बाजाराले म्या पाच आनले. आठ दिवसात दोन रुपयानं उतरला? बाकीच्याइले काय भेटले?"

"ते मले काय माहीत? रुमालाखालचं कोनाले दिसते?"

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. सासऱ्यांनी पाण्यासाठी हात पुढं केला. सासूबाईंनी त्या हाताकडे पाहिलं आणि तांब्या तसाच धरून ठेवला.

"यायच्या हाताले बोटंच तीन," त्या म्हणाल्या. "चवथा रुपया धरीन कुठी तो अडत्या शेठ?"

हे खरं होतं. सासऱ्यांची दोन बोटं तरुणपणीच गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती. घरात इतक्या वर्षांत ती कुणाच्या लक्षात राहिलेली नव्हती. सासरे आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसले.

"सारा हात धरला होता त्यानं," ते म्हणाले. "मले वाटलं, पंजा म्हनते, पाच देते. म्या मान हालवली. मंग पैशे देले त तीनच्या हिशेबानं. म्या म्हटलं, शेठ, असं काहून? त तो म्हने, बाबा, तुमचा होता तेवढा हात म्या धरला."

"मंग डावा हात द्याचा."

"सौद्याले कोनी डावा हात देते का?"

डाव्या हातानं सौदा अशुभ आणि उजव्या हातावर तीन रुपयांच्या वर भाव मावत नाही, अशा पेचात आमची बाग सापडली. यांना भाऊ नव्हता. वर्षाच्या बोलीनं ठेवलेला सालदार होता, पण आपला भाव सालदाराला कळणं यांच्या जिवावर येत होतं. शेवटी यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिले पाठवा. बाबा संगं राह्यतीन."

"अन् तो शेठ इचा हात धरीन?" सासूबाईंनी विचारलं.

ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, की मी शेठला सांगेन, मध्ये जाड फडकं घाल. हा उपाय सगळ्यांना पटला असं नाही, पण झाडांवर माल होता.

यांनी मला शिकवायला घेतलं. खाटेपाशी बसवलं, हातावर गोधडी ओढली आणि गोधडीखाली माझी बोटं धरायला सुरुवात केली. सासूबाई समोरच सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. लग्नाला चार वर्षं झाली होती. दिवसाउजेडी नवऱ्यानं माझा हात धरला तो तेव्हा पहिल्यांदाच, आणि तोही संत्र्याच्या भावासाठी.

"बोल."

"चार."

"आता?"

"पंजा, मंग दोन. सात."

"बरोबर. आता?"

"पाच."

त्यांनी पंजा सोडला नाही.

"पाच नाई का?" मी विचारलं.

"पाचच," ते म्हणाले. सासूबाईंचं पाखडणं जरा मोठ्यानं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी हात सोडला.

बाजाराच्या दिवशी आम्ही अडत्याच्या दुकानापुढं माल ओतला. अडत्या काळी टोपी घालणारा, बारीक अंगाचा आणि फार गोड बोलणारा माणूस होता. लहानाला दादा म्हणायचा आणि मोठ्याला बाबा. मूर्तिजापूरकडचा एक उंच व्यापारी आमच्या ढिगापाशी उभा राहून आंबटपणाची खात्री करून घेत होता. त्यानं आधी शेजारच्या ढिगाचा सौदा केला होता. तो ढीग आमच्याच वाटेवरच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा. आमच्या बागेतूनच त्यानं कधी काळी कलमं नेली होती. आपलं काम झालं म्हणून तो तंबाखू मळत निवांत बसला होता.

त्याच्याशी बोटं होऊन अडत्या हातावर रुमाल टाकून आमच्याकडे आला. सवयीनं हात पुढं केला आणि मग त्याला माझ्या बांगड्या दिसल्या. हात तसाच हवेत थांबला. मग त्याच रुमालानं त्यानं तोंड पुसलं, जणू त्याचसाठी आणला होता.

"बाबा, सूनबाईले बाजार दाखवाले आनलं वाटते."

"भाव सूनच घेईन आता," सासरे म्हणाले.

"तुमी हाये ना."

"माह्या हाताले तीनच बोटं हायेत, शेठ."

"त काय झालं? तीन बोटाच्या मानसानं सौदा नाई कराव का? मले त तुमच्यासंगं सौदा केला की बरं वाटते."

ते त्याला मनापासून वाटत असणार, यात मला शंका नाही. सासऱ्यांनी मग जाड फडक्याचं सांगितलं. अडत्यानं कानांना हात लावला. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "तोंडानं सांगा ना, शेठ. मले ऐकू येते."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मी काही वंगाळ बोलले असावे असा त्याचा चेहरा झाला.

"बाई, भाव का असा चव्हाट्यावर सांगतेत? घरंदाज मानसं तुमी." मग त्याला काही सुचलं. "आता भाऊबीज येऊनच राह्यली. तुमी मले भाऊ माना. भावानं बहिनीचा हात धरला त कोन काय म्हनीन?"

"बरं," मी म्हणाले. "मंग ओवाळनी काय घालान?"

मी ते खरंच विचारलं होतं. बहीण म्हटलं की ओवाळणी आलीच. पण अडत्यानं ते नातं तिथंच सोडून दिलं आणि तो दुकानाच्या मागं घरात गेला. आत बरीच कुजबूज झाली. बाहेर आला तेव्हा त्याच्यामागं त्याची बायको होती. डोक्यावरून पदर, हाताला कणीक लागलेली. ती बिचारी बाजाराच्या बाजूनं दुकानाबाहेर कधी आलेलीच नव्हती. तिला तणसावर कुठं पाय ठेवावा ते कळेना.

अडत्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की बाईचा हात बाई धरेल, म्हणजे रीतही राहील आणि मर्यादाही. तो पुन्हा व्यापाऱ्याकडे गेला. रुमालाखाली हात भेटले, सुटले. मग बायकोकडे येऊन तो तिच्या कानाशी लागला. सांगायला एवढं काय होतं कोण जाणे, पण तो बराच वेळ सांगत होता.

ती माझ्याजवळ बसली. तिनं आपला पदर आमच्या हातांवर ओढला. तिच्या हाताची कणीक माझ्या बोटांना लागली. तिनं माझा पंजा धरला. सोडला. एक बोट धरलं. सोडलं. मग नवऱ्याकडे एकदा पाहून घेतलं आणि चार बोटं धरली.

मी गोधडीखाली शिकले होते तसंच मनात मोजलं. पंजा पाच, एक सहा, आणि वर चार.

"दहा?" मी विचारलं.

मूर्तिजापूरच्या व्यापाऱ्याच्या तोंडात संत्र्याच्या दोन फोडी होत्या. त्या तशाच ठेवून तो म्हणाला, "कोन म्हनते दहा? म्या सहा म्हटलं."

शेजारच्या शेतकऱ्यानं मळलेली तंबाखू हातातच ठेवली.

"सहा?" तो म्हणाला. "म्हंजे माह्या मालाले बी तुमी सहाच म्हनले होते का?"

"सारखाच माल हाय तुमचा. दोनीकडे आंबट," व्यापारी म्हणाला.

"मले त चार सांगतले."

आता सगळे अडत्याकडे पाहायला लागले. सहा आणि चार यांच्यामधले दोन रुपये शेकडा कुठं राहतात, हे कारंज्याच्या त्या ओळीत पहिल्यांदाच उघड विचारलं जात होतं. अडत्या घाबरला नाही. त्यानं आधी सांगितलं, की शेजारच्याचा माल गोडीला कमी होता. तेव्हा तो शेतकरी म्हणाला, की कलमं याच बागेतली आहेत. मग अडत्यानं सांगितलं, की ते दोन रुपये त्यानं शेतकऱ्याच्याच नावानं अमानत म्हणून बाजूला ठेवले होते, अडीनडीला उपयोगी पडावेत म्हणून. शेतकरी म्हणाला, "मले आजच नड हाय." तोपर्यंत आजूबाजूचे आठदहा जण गोळा झाले होते आणि त्यातल्या प्रत्येकाला आपापली अमानत आठवायला लागली होती.

आम्हाला सहानं पैसे मिळाले. शेजाऱ्यालाही वरचे मिळाले. अडत्याची बायको केव्हा उठून आत गेली ते मला कळलं नाही. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सासऱ्यांनी बैल सोडायच्या आधी अंगणातूनच आवाज दिला, "सहा." सासूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा भाव दारातून ऐकला. त्या दिवशी सासऱ्यांच्या आधी त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं.

दोन बाजारांच्या मधल्या एका वारी कारंज्याचे अडते एका दुकानात जमले. नीतिमत्ता फार खालावली आहे, यावर त्यांचं एकमत झालं. बायकांनी बाजारात यावं आणि पुरुषांसारखं ढिगापाशी उभं राहावं, हे आपल्याकडे शोभत नाही, तेव्हा शेतकऱ्यांनी घरच्या लक्ष्मीला घरीच ठेवावं, असा निरोप त्यांनी गावोगाव पाठवला. निरोप पोचवणाऱ्यानं तो का पाठवला आहे तेही सांगितलं. त्यामुळं पुढच्या बाजाराला निम्म्या बंड्यांवर बायका बसलेल्या होत्या. ज्याची बायको माहेरी गेली होती त्यानं वहिनी आणली होती. एक जण आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळं तिचा भाव अडत्याला तीन वेळा आणि पूर्ण आवाजात सांगावा लागला. त्या दिवशी तिच्या बंडीभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती.

आमच्या अडत्यानं बायकोला दिवाळीचं निमित्त करून माहेरी धाडलं होतं. आता तोच बायांना तोंडानं भाव सांगायचा आणि पुरुषांना रुमालाखाली. पुरुष आधी बायांच्या ढिगापाशी उभे राहून ऐकायचे आणि मग आपला हात पुढं करायचे. असे काही आठवडे गेले, की एकाच गावच्या संत्र्यांत बायकांची संत्री पुरुषांच्या संत्र्यांपेक्षा महाग जायची. "माल कोनाचा?" असं विचारलं की भलेभले मिशीवाले खाली पाहून सांगायचे, "घरच्यायचा हाय."

पण अडतेही बाजारातच मोठे झालेले होते. भाव झाकता येईना तेव्हा त्यांनी माल पाहायला सुरुवात केली. लोहाराकडून प्रत्येकानं एकेक लोखंडी कडी करून आणली. जे संत्रं कडीतून खाली पडेल ते बारीक, जे अडकेल ते मोठं. मोठ्या मालाचा भाव अडते आता स्वतःहून मोठ्यानं सांगायला लागले, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा. फक्त मोठा माल कुणाच्याच ढिगात निघेना. आमच्या अडत्याच्या कडीतून पपनस आरपार गेलं असतं. शेजारच्या अडत्याची कडी जरा लहान होती, पण तो सालीवरचे डाग मोजायचा. तिसऱ्याकडे कडीही नव्हती आणि डागही चालत, पण त्याला साल जाड लागायची.

"शेठ, हे त आमचं सगळ्यात मोठं फळ हाय," मी एकदा म्हणाले.

"कडीतून गेलं ना, बाई. आता कडी का खोटं बोलते?"

त्या दिवशी बारीक मालाचा भाव घेऊन आम्ही निघालो. बैलांना पाणी पाजायला सासऱ्यांनी बंडी स्टेशनच्या बाजूनं घेतली. तिथं मूर्तिजापूरच्या व्यापाऱ्याचे हमाल टोपल्या भरत होते. आमची संत्री मी ओळखली. देठाला पान ठेवून तोडायची आमच्या घरची सवय होती. एक हमाल ती उचलून मोठ्या मालाच्या टोपलीत घालत होता. मी खाली उतरून विचारलं, "दादा, हे बारीक ना?"

"बारीक घेतानी राह्यते, बाई," तो म्हणाला. "गाडीत चढवलं का मोठं होते."

आम्ही बंडी वळवून परत दुकानापुढं आणली. सासरे नको म्हणत होते, पण चढताना बैलांचा कासरा मीच हातात घेतला होता. अडत्या हिशेब करत बसला होता. मी त्याला सांगितलं, की मी स्टेशनवर आमची संत्री पाहून आले, तिथं ती मोठी झाली आहेत. तेव्हा पुढच्या बाजारापासून कडी स्टेशनवर लावा, मी तिथं येऊन उभी राहीन. आजूबाजूला इतर शेतकरी होते आणि माझा आवाज तोवर बराच सुटला होता. पुढच्या बाजाराला कडी दिसली नाही. ती हरवली, असं अडत्यानं सांगितलं. भाव सहाचा साडेपाच झाला, पण एकच झाला, सगळ्या मालाला.

संक्रांतीच्या सुमाराला यांच्या कांबी सुटल्या. लंगडत का होईना, ते चालायला लागले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, की आता बाजाराला मी जाईन. मला वाईट वाटलं. पण घरातल्या पुरुषाला ऊठ म्हणायचं आणि तो उठल्यावर बस म्हणायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. ते गेले. परत आले तेव्हा फार प्रसन्न होते. शेठनं खुर्ची दिली, चहा पाजला, पायाची चौकशी केली आणि म्हणाला, की तुमच्या हाताची आठवण येत होती.

"भाव?" सासूबाईंनी विचारलं. आता त्या सरळ विचारायच्या.

"साडेचार. बाजार उतरला."

"बायाचा किती होता?"

यांनी दुखरा पाय चोळायला घेतला. शेवटी ते म्हणाले, "पाच." सासऱ्यांनी विडी पेटवली आणि विडीकडेच पाहत म्हणाले, "पुढच्या खेपीले इले जाऊ दे. तू बंडी हाक."

असंच ठरलं. हे बंडी हाकायचे, माल ओतायचे आणि मग दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. पहिले काही बाजार त्यांना ते जड गेलं. ओळखीचं कुणी आलं की सांगायचे, पाय अजून दुखतो म्हणून हिला आणतो. पाय किती दिवस दुखायचा याला काही मर्यादा नव्हती.

अडत्याची बायको मला त्याच हंगामात शेवटी शेवटी भेटली. माहेरहून परत आली होती. मागच्या दारानं तिनं मला आत बोलावलं, चहा केला. कप ठेवताना तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि ती हसली. मग मी विचारून टाकलं, की त्या दिवशी तुम्ही मुद्दाम तसं केलं का.

"मले त्यायनं दोन आकडे सांगतले," ती म्हणाली. "व्यापारी सहा म्हनते, तू चार सांग. मी घाबरली होती, बाई. दोनी पोचवून देले. मधातले आपन खाचे राह्यतेत, हे मले लग्न झाल्यापासून कोनी सांगतलंच नोतं."

"मंग शेठ बोलले असतीन लय."

"नाई ना. महिनाभर बोललेच नाई माह्यासंगं." तिनं बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. "माहेरी बी चांगला गेला महिना, अन् इथं आल्यावर बी."

मुद्दाम की चुकून, ते तिनं त्या दिवशी मला सांगितलं असं मी धरते. पुढं ती बाजाराच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर येऊन बसायला लागली. नवऱ्यानं नको म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. तो तिच्याशी बोलतच नसे, म्हणूनही असेल.

काही वर्षांनी रुमाल गेलेच. बोली उघड्यावर, सगळ्यांसमोर झाली पाहिजे, असं वरून आलं. पहिल्या उघड्या बोलीला आम्ही दोघंही मुद्दाम लवकर गेलो. अडत्यांनी बोली पुकारायला एक माणूस ठेवला होता. त्याचा आवाज खणखणीत होता आणि तो इतक्या भरभर बोलायचा, की आमचा ढीग केव्हा सुरू झाला आणि केव्हा विकला गेला, ते आम्हाला कळलंच नाही. मी पुढं होऊन म्हटलं, "दादा, जरा सावकास बोला, आमचा भाव काय झाला?" त्यानं अडत्याकडे पाहिलं. अडत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याची टोपी तीच होती, केस मात्र पांढरे झाले होते.

"सांग तिले सावकास," तो पुकारणाऱ्याला म्हणाला. "नाईतर ते बाई आपल्याले स्टेशनवर घेऊन जाईन."

पुकारणाऱ्यानं एकेक आकडा सुटा करून सांगितला. भाव वाईट नव्हता. यांनी पैसे मोजून घेतले आणि बैल जुंपायच्या आधी आम्ही दोघांनी कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्यानंच गरम भजी खाल्ली. मिरची फार तिखट होती. यांनी दोनदा पाणी मागितलं.